ठोका कोणाचा?

पेसमेकर बसवून घरी आलो, तेव्हा अण्णांनी माझं जेवण होईपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, "आता तुझं हृदय पांडुरंग चालवतो की ती डबी?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 84. खेड तालुक्यातलं गाव सोडून पिंपरीला टेल्कोत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, आणि आषाढवारीला तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या मुक्कामी आली की विठ्ठल मंदिराच्या रांगेत उभं राहणं, यात कधी खंड नाही. त्यांनी टोमणा मारला नव्हता. ज्या देवावर सगळा भार टाकला, त्याच्या कामात मुलाच्या छातीतल्या एका वस्तूमुळे काही फरक पडला का, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. अशा प्रश्नाला 'देवच सगळं करतो' म्हणून गप्प करणं मला पटत नव्हतं, आणि 'बॅटरी चालवते' म्हणून उडवून लावणंही पटत नव्हतं.

मी इलेक्ट्रिशियन. आयटीआय करून आधी भोसरीतल्या लहान शेडांमध्ये आणि नंतर चाकणला, मोटारींचे सांगाडे जोडणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं. आमच्या धंद्यात एक शिस्त असते: लाईन कोण चालवतो हे विचारण्याआधी ती कशी चालते ते बघायचं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

हृदयाला चार कप्पे. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. उजव्या कर्णिकेच्या वरच्या टोकाला, डोक्याकडचं आणि हातांकडचं रक्त आणणारी मोठी शीर जिथे उघडते तिथे, पेशींची एक बारीकशी गाठ असते. ती 1907 साली इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी जगापुढे आणली. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याला ती आधी दिसली ती जमिनीत बिळं करणाऱ्या एका लहानशा प्राण्याच्या हृदयात. निवांत बसलेल्या माणसाच्या या गाठीतून मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विजेची लहर उठते. ती दोन्ही कर्णिकांवर पसरते, त्या आकुंचन पावतात, आणि मग लहर वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मधल्या भिंतीपाशी येते. वरून खाली जायला निरोगी हृदयात एकच वाट असते. तिच्या तोंडाशी दुसरी गाठ, जिचं नेमकं वर्णन सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने 1906 साली जर्मनीत मारबुर्ग इथे केलं. या दुसऱ्या गाठीचं काम मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ती लहरीला थांबवते. सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, पण तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं आणि जवनिका भरतात. ही थांबण्याची जागा नसती तर खालचे कप्पे अर्धवट भरलेलेच आवळले गेले असते. थांब्यानंतर मात्र लहर सुसाट जाते, खालच्या भिंतींत पसरलेल्या तंतूंमधून, आणि जवनिका जवळजवळ एका क्षणात आवळतात. दिवसाला हे लाखभर वेळा होतं.

वरची गाठ बंद पडली तर मधली काम हाती घेते, मिनिटाला 40 ते 60च्या गतीने. तीही गेली तर अगदी खालचे तंतू स्वतःच लहर काढू लागतात, 20 ते 40च्या गतीने. कारखान्यात लाईट गेली की जनरेटर येतो आणि तोही बसला की फक्त आपत्कालीन दिवे राहतात, तशी ही उतरंड आहे. दिव्यांच्या उजेडात माणसाला दाराबाहेर पडता येतं, लाईन चालवता येत नाही.

मी त्या शेवटच्या पायरीवर होतो. दोनदा चक्कर येऊन पडलो. ईसीजीच्या पट्टीवर कर्णिका मिनिटाला 80च्या आसपास चालत होत्या आणि जवनिका 36. दोघांचा एकमेकांशी संबंधच उरलेला नव्हता. वरून निरोप निघत होता, वाटेत विरत होता. डॉक्टर म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक." रक्तवाहिनीतला ब्लॉक वेगळा, तो नळाचा. हा वायरिंगचा. (हा फरक इथे सांगतो, कारण भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला तेल-तूप कमी करायला सांगितलं.)

लय बिघडते ती फक्त अशीच नव्हे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या कर्णिकांमध्ये एका लहरीऐवजी असंख्य लहरी भरकटत असतात, मिनिटाला 350च्या वर. अशा वेळी मधली गाठच त्यातल्या बहुतेक अडवून माणसाला वाचवते. कर्णिकेत रक्त साकळून मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायचं औषध कायमचं घ्यावं लागतं. हीच भरकट जवनिकांमध्ये झाली, तर मिनिटांचा खेळ.

त्या शेवटच्या प्रकाराची मला आधीपासून ओळख होती, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. खूप वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शेडमध्ये हँड ग्राइंडर चालवणारा एक हेल्पर माझ्यासमोर गेला. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. आपल्या घरातली, कारखान्यातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते, आणि ती छातीतून गेली तर दोन आकडी मिलिअँपिअरसुद्धा जवनिकांची लय उधळायला पुरतात. आम्ही माणसांच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरला ट्रिप होणारं ईएलसीबी बसवतो. 30 हा आकडा मी हजार वेळा वाचला असेन. तो तारेचा किंवा मोटरचा आकडा नाही, तो हृदयाचा आहे, हे मला स्वतःच्या छातीत वायर गेल्यावर कळलं. माझा पेसमेकर दर ठोक्याला देतो तो करंटही मिलिअँपिअरमध्येच मोजतात, फक्त तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि नेमक्या वेळी येतो. मारणारी आणि जगवणारी वीज एकच. त्या मुलाचा विचार मनात आला की अण्णांचा प्रश्न मला फार जड वाटतो. तिथे पांडुरंग काय करत होता, हे मला कधीच सांगता येणार नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

पेसमेकर बसवलेला पहिला माणूस स्वीडनचा, आर्ने लार्सन. 8 ऑक्टोबर 1958. त्यालाही माझ्यासारखाच ब्लॉक, पण दिवसाला वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्याची बायको एल्से-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली. असं यंत्र तयार नाही म्हटल्यावर तिने ते बनवा म्हणून धरणं धरलं. एल्मक्विस्टने बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात सर्किट ओतलं. ते काही तासच चाललं. मग दुसरं बसवलं. लार्सनच्या शरीरात आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर येऊन गेले. तो 2001 साली, 86 वर्षांचा होऊन कर्करोगाने गेला, तेव्हा सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी गेलेले होते. अण्णांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी फक्त बायकोचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

मग आली पहिली तपासणी. टेक्निशियन मुलीने छातीवर एक चकती ठेवली, स्क्रीनवर आकडे आले. जवनिकांचे 99 टक्के ठोके यंत्राचे. ती म्हणाली, "काका, आता गती कमी करते. तुमची स्वतःची लय बघूया." पुढचे काही सेकंद मी विसरणार नाही. पायांखालून काहीतरी ओसरत गेलं, तिचा चेहरा लांब गेला, आणि लगेच तिने बटण दाबून परत आणलं. "स्वतःची फारशी नाहीये," ती अगदी सरळपणे म्हणाली.

घरी येताना चिंचवड स्टेशनच्या पुलावर थांबून मी त्या वाक्यावर विचार केला. 99 टक्के यंत्राचे. म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर डबी? पण स्क्रीनवर आणखी एक आकडा होता. कर्णिकांचे बहुतेक सगळे ठोके माझ्याच गाठीचे होते. ती गाठ शाबूत आहे. मी पूल चढलो की तीच गती वाढवते, झोपलो की तीच कमी करते. डबी त्या ठोक्याकडे कान लावून असते, तो आला की मधल्या गाठीइतकीच थोडी थांबते, आणि खालून आपोआप ठोका आला नाही तरच स्वतः देते. वाट तुटली आहे तेवढ्यापुरता निरोप पोचवते. निरोप जुनाच आहे. हे मी अण्णांना मोठ्या आनंदाने सांगितलं.

"बरं," अण्णा म्हणाले. "आणि त्या गाठीला कोण सांगतं?"

हा खरा प्रश्न होता. मी त्याच्या मागे बरेच महिने लागलो. आमची थोरली फार्मसी शिकलेली आहे, तिने पुस्तकं दिली, समजावलं. गाठीतल्या पेशीच्या आवरणाला बारीक दारं असतात. ठोका संपून पेशी शांत झाली की, इतर स्नायू पेशींसारखी ती शांत राहत नाही. शांत होण्यानेच तिची एका जातीची दारं उघडतात आणि विजेचा भार वाहणारे सोडियमचे कण आत झिरपू लागतात. झिरपत झिरपत भार एका पातळीला पोचतो आणि पुढचा ठोका होतो. हा झिरपा 1979 साली शास्त्रज्ञांनी नीट मोजला. मेंदू गती कमी-जास्त करायला सांगतो, पण ठोका दे असं सांगत नाही. गर्भ तीन आठवड्यांचा होतो तेव्हा हृदय हलायला लागलेलं असतं, आणि त्याच्यापर्यंत मज्जातंतू पोचायला अजून वेळ असतो. दुसऱ्याच्या शरीरात बसवलेल्या हृदयाचे सगळे मज्जातंतू तुटलेले असतात, तरी ते चालतं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये, जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत हा प्रयोग केला. रुग्ण काही तासच जगला, पण पुढे जगभर हजारो माणसं अशा तुटक्या तारांच्या हृदयांवर जगली.

बरं, गाठीत तरी कोणी म्होरक्या पेशी आहे का? तशीही नाही. हजारो पेशी, प्रत्येकीचा आपापला झिरपा, आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे सगळ्यांचा मिळून एक ठोका. प्रयोगशाळेत हृदयाच्या दोन सुट्या पेशी बशीत ठेवल्या तर वेगवेगळ्या गतीने हलतात. वाढून त्या एकमेकींना लागल्या की थोड्या वेळाने एकाच लयीत हलू लागतात. मी पॅनेलमागे पॅनेल उघडत गेलो आणि शेवटच्या पॅनेलमध्ये स्विच दाबणारा कोणी बसलेला नव्हता.

इथे आमच्या सत्संगातले एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं आपल्या उपनिषदांत आहे, हृदयातून 101 नाड्या निघतात असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे हे खरं, कठ आणि प्रश्न या दोन्ही उपनिषदांत. पण त्या नाड्या म्हणजे हे तंतू असं म्हणणं मला दोघांवरही अन्याय वाटतो. ऋषी मृत्यूनंतर जीव कोणत्या वाटेने जातो याचा विचार करत होते. तावारा सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे काप बघत होता. दोघांचे प्रश्न वेगळे, आणि प्रत्येकाची थोरवी आपल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहण्यात आहे.

माझ्या उपयोगाला आली ती गीता. पाचव्या अध्यायात तत्त्व जाणणारा माणूस 'मी काही करत नाही' असं मानतो, आणि तो काय काय करत नाही याची यादी येते. पाहणं, ऐकणं, खाणं, चालणं, झोपणं, श्वास घेणं, बोलणं, अगदी पापण्यांची उघडझापसुद्धा. हृदयाचा ठोका त्या यादीत नाही. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर 'हे मी करतो' असा दावा निदान थोडा तरी करता येतो. श्वास रोखता येतो, पापणी मिटता येते. ठोक्यावर असा दावा कोणी करतच नाही, म्हणून तो सोडायला सांगण्याची गरज नाही.

काहींनी दावा केला. श्वासावर ताबा मिळवून हृदय थांबवतो असं म्हणणारे योगी होते. आमच्या इथून लोकलने शेवटच्या स्टेशनावर उतरलं की लोणावळा, तिथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं, ते योगाला यंत्रांनी तपासून बघायचं म्हणूनच. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे डॉ. आनंद या संशोधकांनी असा दावा करणाऱ्या चार जणांना ईसीजी लावला आणि 1961 साली निष्कर्ष छापले. तिघांची मनगटावरची नाडी खरंच क्षीण झाली किंवा लागेना, छातीतला आवाजही मंदावला किंवा ऐकू येईना, पण कागदावर लहरी चालूच होत्या. रोखलेला श्वास आणि आवळलेले स्नायू यांमुळे हृदयाकडे रक्तच कमी येत होतं. चौथ्याने गती बरीच मंदावली, थांबवली नाही. यावरून आळंदीच्या माउलींच्या किंवा चिंचवडच्या मोरया गोसावींच्या संजीवन समाधीबद्दल मी काही बोलणार नाही, तिथे मी हात जोडतो. एवढंच, की इतक्या साधनेनंतरही ठोका माणसाच्या हुकमात आला नाही, हे मला निराश करत नाही.

तर मी अण्णांना म्हणालो, "शेवटी तिथे कोणीच नाही. मी नाही, डबी नाही, आणि तुम्ही म्हणता तसा चालवणाराही मला दिसला नाही. नाहीतरी आपला पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे. काम करणाऱ्याचे हात असे नसतात."

बोलल्यावर भीती वाटली, ते दुखावतील म्हणून. अण्णा बराच वेळ माळ हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "जनीचं दळण कोणी दळलं?"

मी गप्प.

"तो जात्याचा मालक म्हणून आला नव्हता," अण्णा म्हणाले. "जातं जनीचं, दाणे जनीचे, दळण जनीचं. ती दमली होती म्हणून खुंट्याला हात लावला. कमरेवरचा हात कधी काढतो, ते हे. तुझी गाठ कोण चालवतं ते राहू दे. तू दमला होतास तेव्हा हात कोणी लावला, ते बघ ना. त्या बाईने नवऱ्यासाठी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला म्हणालास. तिचं नाव काय होतं?"

मी त्यांचं म्हणणं पूर्ण मानलं असं नाही. दमलेल्या सगळ्यांच्या जात्याला हात लागत नाही. ग्राइंडरवाल्या मुलाच्या लागला नाही, आणि हे अण्णांनाही ठाऊक आहे, त्यांनी ते नाकारलं नाही. पण प्रश्न त्यांनी हलवला, आणि योग्य जागी हलवला असं मला वाटतं. मी देवाला आमच्या अज्ञानाच्या जागी शोधत होतो. जिथे कळत नाही तिथे तो, असं मानलं, तर प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याला एक पाऊल मागे सरावं लागेल आणि माझ्या छातीतून तर तो बॅटरीच्या आकाराएवढा हद्दपार झालेला असेल. मालक म्हणून तो कुठेच सापडत नाही. सोबती म्हणून शोधायचं तर शोधायची जागाच वेगळी.

कामावर मला बॉडी शॉपमधून काढून स्टोअर्स आणि कागदपत्रांकडे दिलं. ते बरोबरच होतं. स्पॉट वेल्डिंगच्या गनमधून आठ-दहा हजार अँपिअर जातात आणि पेसमेकरवाल्याला साध्या वेल्डिंगचीही मर्यादा साधारण 160 अँपिअर, तेही दोन फूट लांबून, अशी सांगतात. कारण ऐकून मी बराच वेळ विचारात होतो. तीव्र चुंबकीय क्षेत्रात डबी बंद पडते असं नाही. ती कानात आलेल्या गोंगाटालाच माझा ठोका समजू शकते, हृदय चाललंय म्हणून निश्चिंत होते आणि गप्प बसते. नव्या यंत्रांत यावर उपाय केलेले आहेत, तरी काळजी घ्यायची. ऐकणं हेच तिचं मुख्य काम, म्हणून गोंगाट हाच तिचा मुख्य धोका.

आता एक शेवटचा प्रश्न, जो मला गावाकडच्या जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने दबक्या आवाजात विचारला आहे: "मग तुझा जीव सुटणार कसा? ती डबी सोडेल का?" सोडेल. शरीर संपत आलं, रक्तातली आम्लता वाढली, स्नायूला प्राणवायू मिळेनासा झाला, की डबीने लहर दिली तरी स्नायू दाद देत नाही. ती देत राहील, उत्तर येणार नाही. पेसमेकर मरण अडवत नाही, एका तुटलेल्या वाटेपुरतं ते लांबवतो. उलट बाजूही आपल्याकडे अवयवदानाच्या 1994च्या कायद्याने मान्य केली आहे. मेंदूचा देठ मेला की माणूस मृत, मग यंत्राच्या श्वासावर हृदय चालू का असेना. ठोका म्हणजे जीव, हे समीकरण दोन्ही बाजूंनी मोडलं. ज्या घरांनी चालतं हृदय दुसऱ्याला देऊ केलं, त्यांनी आपल्या माणसाच्या छातीवर हात ठेवून, ठोका लागत असताना हे मान्य केलं आहे. त्यापुढे माझी ही सगळी चर्चा लहान आहे.

दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर आगीत बॅटरी फुटते. काढलेल्या यंत्रात कधी कधी बरीच वर्षं शिल्लक असतात. अमेरिकेतल्या अंत्यविधी संस्थांनी दान केलेली अशी यंत्रं तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात पैसे नसलेल्या रुग्णांना बसवली गेली, आणि 2020 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात पुन्हा वापरलेल्या यंत्रांनी जंतुसंसर्गाचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही. म्हणून मी लिहून ठेवायचं ठरवलं: माझं काढा, आणि कोणी डॉक्टर योग्य मानत असतील तर द्या.

बायकोला हे बोलणंच नको होतं. दोन दिवस तिने विषय काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, काढू द्या. पण आधी तोंडात तुळशीपान आणि इंद्रायणीचं पाणी घालायचं, आणि मगच डॉक्टरांनी हात लावायचा. हा क्रम कागदावर लिहा." मी लिहिला, आणि तो कागद पेसमेकरच्या ओळखपत्रामागे पाकिटात ठेवला आहे.